संगणकाला प्रश्न विचारताना

मी मराठी विषय घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी. संगणकावर लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. तरीही लिहितो आहे, कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी अशी काही फजिती झाली की तिच्यातून जे हाती लागले ते एकट्याजवळ ठेववेना.

आपल्या ग्रंथालयाची जुनी दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या वह्या संगणकावर चढवण्याचे काम ग्रंथपाल सरांनी आम्हा चौघांना दिले होते. दोन तक्ते करायचे. एकात पुस्तके : दाखल क्रमांक, नाव, लेखक. दुसऱ्यात देवघेव : कोणत्या क्रमांकाचे पुस्तक कोणत्या तारखेला गेले. दीड महिना वह्यांची धूळ खाल्ल्यावर तक्ते तयार झाले आणि सरांनी पहिला प्रश्न घातला. कपाटे अपुरी पडताहेत. जी पुस्तके आजवर कुणीच नेली नाहीत त्यांची यादी द्या, ती समितीपुढे ठेवायची आहे. समितीने मान डोलावली की ती पुस्तके निर्लेखित होणार, म्हणजे सरळ भाषेत रद्दीत जाणार. काम जोखमीचे होते ते यासाठी.

मी पुस्तकावरून शिकून प्रश्न लिहिला. त्याचा मराठी अर्थ असा : ‘ज्यांचा दाखल क्रमांक देवघेवीच्या तक्त्यात नाही, ती पुस्तके दाखव.’ यात चूक कुठे दिसते का, पाहा. मला तरी दिसली नाही. संगणकाने क्षणात उत्तर दिले : शून्य ओळी. मी आनंदाने सरांकडे धावलो. ‘‘सर, आपल्याकडे न वाचलेलं पुस्तकच नाही!’’ सरांनी चष्मा काढला, मागच्या कपाटातून एक जाड ग्रंथ काढला आणि माझ्या हाती दिला. त्याची पाने अजून कापलेलीसुद्धा नव्हती. ‘‘हे कुणी नेलं होतं रे?’’ एवढेच ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी पुण्याला मावसभावाकडे गेलो. दादा एका कंपनीत प्रोग्रामर आहे आणि त्याच्याच व्यवसायातल्या दोघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा. शनिवारी रात्री या तिघांची जी मैफल जमते ती ऐकण्यासारखी असते. तांबडा रस्सा श्रेष्ठ की सावजी, यावर वाद चालू असतो आणि मध्येच कुणीतरी आठवडाभरात गवसलेली एखादी युक्ती सांगतो. मग रस्सा बाजूला राहतो आणि तिघे कागदावर तक्ते आखू लागतात. आपले कीर्तनकार आख्यान सांगता सांगता मध्येच आडकथेला जातात तसे. फक्त इथे आख्यान कोणते आणि आडकथा कोणती, हे ठरवणे अवघड.

मी माझे दुःख सांगितले. नागपूरकराने ताटातली नजर वर न करता विचारले, ‘‘काय बे, देवघेवीच्या तक्त्यात एखादी जागा कोरी सोडली होतीस का?’’

सोडली होती. एका वहीवर कधीतरी पावसाचे पाणी पडले होते आणि एका नोंदीतला दाखल क्रमांक पार फिसकटला होता. तो वाचता येईना म्हणून मी ती जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली. हजारो नोंदींतली ही एक रिकामी जागा माझ्या साऱ्या उत्तरावर बोळा फिरवून गेली होती.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माहिती अशा साध्या तक्त्यांत ठेवावी आणि प्रश्न तर्कशास्त्राच्या भाषेत विचारावेत, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाची. हे गृहस्थ मूळचे इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, ऑक्सफर्डला शिकले आणि पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत गेले. त्यांचा निबंध 1970 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी माहिती कुठे आणि कोणत्या वाटेने साठवली आहे हे ठाऊक असल्याशिवाय ती काढता येत नसे. कॉड म्हणाले, काय हवे तेवढे सांगा. कसे शोधायचे ते यंत्र पाहील. त्यांच्याच कंपनीतल्या डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी 1974 साली या कल्पनेवर प्रश्नांची एक भाषा बेतली. तिचे नाव ‘सीक्वेल’. ते नाव ब्रिटनमधल्या एका विमान कंपनीने आधीच नोंदवलेले निघाले, म्हणून ‘एसक्यूएल’ असे आखडते घ्यावे लागले. ही भाषा आजही चालते. बँकेतले खाते असो की रेल्वेचे आरक्षण, पडद्यामागे बहुधा हिच्यातच प्रश्नोत्तरे चाललेली असतात.

या भाषेत कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा शब्दही नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. इथेच सारी मेख आहे. समजा, देवघेवीत तीनच नोंदी आहेत : 11, 12 आणि एक नल. आता 50 क्रमांकाचे पुस्तक कधी गेले नाही ना? 50 हे 11 नव्हे, खरे. 50 हे 12 नव्हे, खरे. 50 हे ‘ठाऊक नाही’ नव्हे ना? आता काय सांगणार? ती फिसकटलेली नोंद 50 ची असूही शकेल! म्हणून यंत्र तिथे खरे म्हणत नाही, खोटेही म्हणत नाही, ‘अज्ञात’ म्हणते. आणि यादीत तर फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळीच येतात. जे 50 चे तेच 51 चे, तेच सगळ्यांचे. एका डागाचा संशय प्रत्येक पुस्तकावर गेला आणि यादी कोरी राहिली.

तर्कशास्त्र विषय घेतलेल्या मित्रांना हे नवे वाटणार नाही. पोलंडचे यान लुकासिएविच यांनी 1920 सालीच तीन मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले होते. आपल्याकडे जैनांच्या सप्तभंगीत ‘अस्ति’ आणि ‘नास्ति’ यांच्या जोडीला ‘अवक्तव्य’ आहेच. अर्थात, अवक्तव्य आणि अज्ञात एकच नव्हेत. तत्त्वज्ञानाचे सर हा लेख वाचतील, म्हणून हे आधीच नमूद करतो.

उपाय नागपूरकरानेच सांगितला. ‘यादीत नाही’ असे विचारू नये. ‘ज्या पुस्तकाच्या क्रमांकाशी जुळणारी एकही नोंद अस्तित्वात नाही, ते दाखव’ असे विचारावे. त्यांच्या भाषेत ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एग्झिस्ट्स’. फिसकटलेली नोंद कुणाशीच जुळत नाही, त्यामुळे ती आडवी येत नाही. आपल्याला दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची वाटतात. यंत्राला तशी वाटत नाहीत.

मग कोल्हापूरकराला चेव आला. म्हणाला, ‘‘भावा, आता माझं ऐक.’’ त्याच्या कंपनीत कुणीतरी ‘कर’ने संपणारी सगळी आडनावे मागितली आणि यंत्र बसले घाम पुसत. कारण असे : शोध लवकर लागावा म्हणून यंत्र शब्दकोशासारखी एक क्रमवार सूची ठेवते. शब्दकोशात ‘पा’ने सुरू होणारे शब्द आपण चटकन काढतो, पण ‘कर’ने संपणारे काढायचे तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवावे लागते. यंत्राचेही तेच. त्याने काय केले, तर प्रत्येक आडनाव उलटे लिहून त्याचा एक वेगळा स्तंभ केला आणि त्याची सूची बनवली. आता ‘कर’ शेवटी न राहता आरंभी आला. यावर दादाचे म्हणणे पडले की महाराष्ट्रात ‘कर’वाले इतके आहेत की सूची असून फारसा लाभ नाही; निम्मे पुस्तकच चाळायचे तर सूची कशाला उघडायची? तो वाद तासभर चालला. मी सावजीच्या बाजूने होतो, ते वेगळे.

या मंडळींना माझ्याकडूनही एक गोष्ट मिळाली, याचा मला थोडा अभिमान आहे. आमच्या तक्त्यात पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, पण शोधल्यावर एकच सापडे. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब. शेवटी कळले की ‘ऱ्य’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना तो एक, यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या अक्षरमालिका. आम्ही चौघांनी आपापल्या सवयीने टंकले होते. दादाने ते लगेच आपल्या वहीत टिपून घेतले. त्याच्या कंपनीच्या ग्राहकांतही ‘चौऱ्याऐंशी’ लिहिणारे असतीलच की!

परत आल्यावर मी प्रश्न नव्याने विचारला. यादी लांबलचक आली, आणि ती घेऊन सरांकडे जाताना या वेळी मी काही जाहीर केले नाही. सरांनी ती शांतपणे वाचली आणि पेन्सिलने खुणा करू लागले. शब्दकोश, चरित्रकोश, गॅझेटियर. ‘‘ही घरी द्यायचीच नसतात. इथंच बसून वाचतात. यांची देवघेव कुठून असणार?’’

कॉड यांनाही ही अडचण दिसली होती. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सुचवले की कोऱ्या जागेच्या दोन जाती मानाव्यात : माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही, ती एक, आणि माहिती असूच शकत नाही, ती दुसरी. एसक्यूएलने ही सूचना उचलली नाही. क्रिस डेट हे कॉड यांचे जवळचे सहकारी. त्यांनी तर नल मुळीच नको, अशी भूमिका घेतली. मला कॉड यांचे पटते, कारण फिसकटलेला क्रमांक आणि घरी न देण्याचा शब्दकोश या दोन्ही कोऱ्या जागा मी हाताळल्या आहेत.

आम्ही पुस्तकांच्या तक्त्यात ‘घरी देतात की नाही’ असा एक स्तंभ वाढवला. त्यानंतर यादी बरीच आटोपशीर झाली. ती आता समितीपुढे आहे. न कापलेल्या पानांचा तो ग्रंथ तिच्यात आहे, आणि ज्यांना तो वाचावासा वाटतो त्यांनी समितीच्या बैठकीआधी तो आपल्या नावावर घ्यावा, असे ग्रंथपाल सरांनी सांगितले आहे. फिसकटलेली नोंद मात्र भिंग लावूनही वाचता आली नाही. ती जागा कोरीच ठेवली आहे.