सिरा, सुकं मटण आणि गगनबावड्याची थंडी

‘रेड वाइन? छे, आंबट सरबत ते!’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ऑफिस ग्रुपमध्ये असतोच. आमच्यातला तर अस्सल कोल्हापूरकर. म्हणून जानेवारीतल्या एका वीकएण्डला आम्ही चौघं गगनबावड्याला निघालो, तेव्हा मी बॅगेत मुद्दाम एक बाटली टाकली. इगतपुरी तालुक्यातल्या, मुकणे धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या ‘व्हॅलोने’ या छोट्या वायनरीची सिरा. शौकीन मंडळी हिचं नाव आवर्जून घेतात.

सिरा म्हणजे आपला तुपातला शिरा नव्हे बरं का! ही काळ्या द्राक्षाची जात. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ती सिरा, ऑस्ट्रेलियात शिराझ. आपल्याकडे दोन्ही नावं चालतात. ती इराणच्या शिराझ शहरातून आली, अशी एक रोमँटिक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जायची. १९९०च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासला, तर आईबाप दोघंही फ्रान्सचेच निघाले. गोष्ट संपली!

आता गगनबावडाच का? एक तर कोल्हापूरहून जेमतेम ५५ किलोमीटर. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट इथूनच कोकणात उतरतात. आणि मुख्य म्हणजे थंडी. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या’ हा सल्ला ज्या रूमसाठी आहे, ती युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या तिशीतल्या फ्लॅटमध्ये तीच बाटली उघडली की आधी अल्कोहोल नाकात जातं आणि बिचाऱ्या वाइनला शिव्या बसतात. आम्ही बाटली तासभर व्हरांड्यात ठेवली. गगनगडाकडून वारा सुटला होता, फ्रीजची गरजच पडली नाही.

रंग पिकल्या जांभळाचा, ग्लासच्या पलीकडचं बोट दिसेना. पहिल्या वासात ओलं लाकूड, मग काळं फळ आणि मागून, अगदी सावकाश, काळी मिरी. कोल्हापूरकरानं भुवया उडवल्या. ‘यात मसाला घातलाय काय रे?’

नाही घातलेला! मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य सिराच्या सालीतच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये ते शोधून काढलं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. आमची एक मैत्रीण शेवटपर्यंत ‘कुठाय मिरी?’ विचारत राहिली.

जेवणाचं मात्र जपून. तांबड्या रश्श्याबरोबर घोट घेतला आणि जीभ पेटली. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. सुकं मटण आल्यावर चित्रच पालटलं. चरबी आणि प्रथिनांनी वाइनचा तुरटपणा मवाळ होतो, मग फळ वर येतं. सरबतवाल्यानं ग्लास न बोलता पुढे केला, यातच आलं सगळं.

खरा प्रश्न त्यानंच विचारला. इगतपुरीतही गगनबावड्यासारखाच धो-धो पाऊस, मग द्राक्षं कुजत नाहीत? युरोपात काढणी शरद ऋतूत होते. आपल्याकडे वेलीला थंडीतली झोपच नाही, म्हणून छाटणी दोनदा करतात. एक एप्रिलच्या सुमारास, दुसरी पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पीक हाती येतं जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे आभाळ फाटतं तेव्हा वेलीवर घड नसतातच! हिशेब पक्का, पण परतीचा पाऊस लांबला किंवा काढणीच्या तोंडावर गारपीट झाली, तर तो कोलमडतो. मोठी कंपनी दुसऱ्या गावची द्राक्षं घेऊन वेळ मारून नेईल. आपल्याच मळ्यावर भिस्त असलेल्या छोट्याला ते वर्ष गेलंच म्हणून समजा. म्हणून अशा बाटलीला चार पैसे जास्त मोजायला माझी तरी ना नाही. हिशेबी मित्रांनी खुशाल नाक मुरडावं.

ही मिळाली नाही तर सुलाची ‘रासा’ शिराझ आहे. उरलीच, तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस छान राहते. आणि रात्रीच घाट उतरायचा बेत असेल, तर स्टीअरिंगवाल्याला फक्त सोलकढी!