वॉनामेकरचा वसंत

1900 च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या घरांत वसंत यायचा तो काजळी उघडी पाडत. ऑक्टोबरपासून तळघरात कोळशाची भट्टी धगधगत असे, संध्याकाळी गॅसचे दिवे जळत आणि थंडीमुळे खिडक्या बंद असत. मार्चअखेर त्या उघडल्या, की पडद्यांवर, भिंतीच्या कागदावर, गालिच्यांवर सहा महिने चढलेला काळपट थर उजेडात दिसायचा. मग आपल्याकडे दिवाळीआधी निघते तशी सगळी घरं निघायची. गालिचे अंगणात दोरीवर टाकून बडवायचे आणि गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. त्यांच्या जागी चीन-जपानहून आलेल्या गवती चटया अंथरायच्या. मखमली खुर्च्यांवर सुती खोळी चढवायच्या, जाड पडदे उतरवून पातळ लावायचे, बर्फाची पेटी धुऊन पुसून तयार ठेवायची. आईस्क्रीमचं हाताने फिरवायचं यंत्र, मच्छरदाण्या, एनामलची भांडी, गालिचा झाडायची चाकांची पेटी, नव्या चादरी, नवे अभ्रे. यादी लांबत जायची, आणि ती जवळपास सगळीच्या सगळी मार्केट स्ट्रीट आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका छपराखाली मिळायची. ते छप्पर जॉन वॉनामेकरचं होतं.

डिपार्टमेंट स्टोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झगमगाट येतो. वॉनामेकरकडेही तो होताच, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण या दुकानाची खरी करामत त्या सामानाच्या यादीत आहे. घराची खरी गरज आणि व्यापाऱ्याचे रिकामे महिने यांची गाठ त्याने अशी घातली, की दुकानाचं वेळापत्रक हेच शहराचं पंचांग झालं.

जॉन वॉनामेकरचा जन्म 1838 सालचा, फिलाडेल्फियातलाच. वडील विटा पाडण्याच्या धंद्यात. 8 एप्रिल 1861 रोजी मेव्हणा नेथन ब्राउन याच्या भागीदारीत त्याने पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांचं ‘ओक हॉल’ हे दुकान उघडलं. चारच दिवसांनी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. पहिल्या दिवसाचा गल्ला 24 डॉलर 67 सेंट होता, त्यातले 24 डॉलर जाहिरातीवर घातले आणि 67 सेंट सुट्ट्या पैशांसाठी ठेवले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, माणसाच्या स्वभावाला ती शोभते. जाहिरातीवर त्याचा जबर विश्वास. पण रविवारच्या वर्तमानपत्रात मात्र त्याने जाहिरात दिली नाही, कारण रविवार हा प्रार्थनेचा वार. तरुणपणी त्याने काढलेली बेथनी ही रविवारची धर्मशिक्षणाची शाळा पुढे हजारोंची झाली, आणि तिच्याकडचं त्याचं लक्ष दुकान कितीही वाढलं तरी सुटलं नाही.

त्या काळात कपड्याच्या दुकानात किंमत लिहिलेली नसे. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून भाव सांगायचा, गिऱ्हाइकाने निम्म्यावर यायचं, मग घासाघीस. ज्याची जीभ तिखट त्याला माल स्वस्त. भिडस्त बाईला, नवख्या माणसाला, भाषा न येणाऱ्या स्थलांतरिताला तोच माल महाग. वॉनामेकरने प्रत्येक वस्तूला किंमतीची चिठ्ठी लावली आणि 1865 मध्ये जाहीर केलं, की पसंत पडलं नाही तर माल परत आणा, पैसे परत न्या. हे त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. पॅरिसमध्ये ‘बों मार्शे’च्या बूसिको दांपत्याने आधीच ठरलेल्या किंमती सुरू केल्या होत्या. न्यूयॉर्कला ए. टी. स्टुअर्ट या व्यापाऱ्याचंही तेच धोरण होतं. आणि त्याही आधी दोनशे वर्षांपासून क्वेकर पंथाचे व्यापारी एकच भाव सांगत आले होते, कारण पन्नासला द्यायची वस्तू शंभरला सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटं बोलणंच. फिलाडेल्फिया हे क्वेकरांनीच वसवलेलं शहर. वॉनामेकर त्यांच्या पंथाचा नव्हता, पण त्यांची ही शिस्त त्याने हजारो गिऱ्हाइकांच्या दुकानात चालवून दाखवली. मला त्याच्या सगळ्या कामात हेच मोठं वाटतं. भावाची चिठ्ठी समोर लटकत असली की मालक आणि मोलकरीण दोघांनाही एकच किंमत द्यावी लागते.

मुंबईला ही पद्धत साहेबांच्या दुकानांबरोबर आली. 1891 मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आलं. पुढे हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, व्हाइटअवे लेडलॉ कंपनीची मोठी इमारत उभी राहिली. तिथे व्यवहार रोखीचा आणि गिऱ्हाईक मुख्यत्वे युरोपीय. त्याच इमारतीत नंतर खादी भांडार आलं. कपड्याच्या व्यापाराचा इतका उलटा फेरा एका इमारतीने क्वचितच पाहिला असेल.

1876 मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीचं प्रदर्शन भरलं. त्याच्या तोंडावर वॉनामेकरने रेल्वेचा मालधक्का विकत घेतला. दुकान मांडण्याआधी त्या हिवाळ्यात तिथे ड्वाइट मूडी या धर्मप्रचारकाची प्रवचनं झाली. मग आलं ‘ग्रँड डेपो’. पुढच्या वर्षी ते बायकांच्या कापडासह सगळ्या मालाला खुलं झालं. आत 129 काउंटर एकात एक वर्तुळं करून मांडलेले आणि बसून माल पाहायला 1400 स्टुलं. अगदी मधोमध रेशमाचा गोल काउंटर, आणि त्याच्या आत गॅसच्या दिव्यांचा अंधारा तंबू. मेजवानीचा झगा रात्री गॅसच्या उजेडात घालायचा, तर त्याचं रेशीमही गॅसच्या उजेडातच पारखून घ्यायला हवं, हा त्यामागचा विचार. कापड घेताना ताका दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघणाऱ्या आपल्या बायकांना यातली अक्कल लगेच कळेल. 1878 च्या डिसेंबरात दुकानात विजेचे दिवे आले आणि पुढे त्या तंबूची गरजच संपली.

त्याच 1878 च्या जानेवारीत ‘व्हाइट सेल’ सुरू झाला. नाताळ संपला की दुकानं ओस पडत आणि गिरण्यांचा मालही पडून राही. वॉनामेकरने घरातलं सगळं पांढरं कापड या महिन्यात सवलतीने काढलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, आतले कपडे, बाळंतविडे. त्या काळी चादर पांढरीच असायची, म्हणून सेलचं नावही पांढरं. यात लेस लावलेल्या तलम कपड्यांसाठी ‘नैनसूक’ नावाचं कापड असे. मूळ नैनसुख आपल्या विणकरांच्या हातचं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या आणि पुढे अमेरिकेच्या गिरण्यांनी ते यंत्रावर काढलं, विणकर मागे पडले आणि नाव तेवढं मालावर राहिलं. पांढऱ्या सेलच्या जाहिराती वाचताना हे विसरता येत नाही.

जानेवारीत पांढरं कापड, मार्चमध्ये वसंताचे कपडे, मग घराची साफसफाई, ऑगस्टमध्ये फर्निचर. प्रत्येक मंद महिन्याला एकेक निमित्त मिळालं. आज आपण ज्याला ‘सीझन’ म्हणतो तो असा आखला गेला.

वसंताच्या कपड्यांचा केंद्रबिंदू इस्टर. त्या रविवारी चर्चला जाताना निदान हॅट तरी नवी हवी. दुकानाचे खरेदीदार हिवाळ्यात पॅरिसला जात, तिथल्या मोठ्या शिंप्यांकडून निवडक नमुने आणत. थोडे नमुने श्रीमंतांना जसेच्या तसे विकले जात, बाकीच्यांच्या नकला अमेरिकेतल्या कारखान्यांत निघत. मुलगा रॉडमन तरुणपणी पॅरिसमध्ये राहिलेला, त्याला तिथल्या सगळ्याच गोष्टींचं वेड. 1908 मध्ये दुकानात ‘फेत द पारी’ नावाचा सोहळा झाला. नेपोलियन आणि जोसेफीनचा दरबार उभारून सोनेरी चौकटींतून जिवंत मुली नवे कपडे घालून बाहेर आल्या. त्या वर्षांतल्या हॅट गाडीच्या चाकाएवढ्या आणि त्यांवर पिसं, पंख, कधी अख्खा पक्षी. एकेका तुऱ्यासाठी विणीच्या हंगामात बगळे मारले जात आणि घरट्यातली पिल्लं उपाशी मरत. हिंदुस्थानातून पिसं बाहेर पाठवायला 1902 मध्ये बंदी आली. अमेरिकेत रानपक्ष्यांची पिसं आणायला 1913 च्या जकात कायद्याने मनाई झाली, आणि ती झाली बॉस्टनसारख्या शहरांतल्या बायकांनी संघटना काढून सतरा वर्षं पाठपुरावा केल्यामुळे. हॅट घालणाऱ्या वर्गातल्याच या बायका होत्या. त्यांचं कौतुक व्हायला हवं.

वसंतात सगळ्यात खपायचा तो मात्र झगा नव्हे, ‘शर्टवेस्ट’. पुढून बटणं असलेला, कॉलरचा, धुता येणारा तयार ब्लाउज. कचेरीत टंकलेखन करणारी, शाळेत शिकवणारी, दुकानात काउंटरमागे उभी असलेली मुलगी हाच घालायची. साधा ब्लाउज डॉलरभरातही मिळे. तो इतका स्वस्त कसा, याचं उत्तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या शिवणखान्यांत होतं. 1909 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या शिवणकाम करणाऱ्या हजारो मुलींनी संप केला. डिसेंबरात फिलाडेल्फियाच्याही उतरल्या आणि फेब्रुवारी 1910 पर्यंत थंडीत कारखान्यांपुढे उभ्या राहिल्या. वर्षभराने, 25 मार्च 1911 रोजी, न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात वरच्या मजल्यांवर आग लागली. बाहेर जायचा दरवाजा कुलूपबंद होता. 146 कामगार मेले, त्यांतल्या बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली, कित्येकींचं वय विशीच्या आत. त्या वर्षी इस्टर 16 एप्रिलला होता. देशभरातली दुकानं वसंताच्या ब्लाउजांनी भरलेली होती, तेव्हाची ही गोष्ट.

वॉनामेकर आपल्या दुकानातल्या माणसांना चांगलं वागवी. लहान वयात कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी त्याने दुकानातच शाळा काढली. नव्या इमारतीच्या गच्चीवर नोकरांसाठी धावायचा मार्ग होता. पण त्याची ही काळजी दुकानाच्या दारापर्यंतच होती. माल ज्यांनी शिवला त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. त्या काळातल्या सगळ्याच मोठ्या दुकानांचा हा दोष आहे, आणि तो झाकून त्यांचं वैभव सांगणं मला बरोबर वाटत नाही.

ती नवी इमारत शिकागोचा वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम याने आखली. दुकान एक दिवसही बंद न ठेवता जुना डेपो तुकड्यातुकड्याने पाडत, 1902 पासून जवळपास नऊ वर्षं बांधकाम चाललं. बारा मजले, आणि मधोमध दीडशे फूट उंच संगमरवरी चौक. 1904 च्या सेंट लुइस प्रदर्शनातून दोन वस्तू इथे आल्या. एक जर्मन शिल्पकार आउगुस्ट गाउल याने घडवलेला काशाचा प्रचंड गरुड. दुसरी वस्तू दहा हजारांवर नळ्यांचा ऑर्गन. तो आणायला मालगाडीचे 13 डबे लागले. 22 जून 1911 रोजी, लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक चालू असताना, तो इथे पहिल्यांदा वाजला. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला तो राजा मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला आणि महिन्याच्या शेवटी, 30 तारखेला, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते ही इमारत लोकांना अर्पण झाली. ऑर्गन अपुरा वाटला म्हणून पुढे तो वाढवतच नेला. आज त्याच्या 28,750 नळ्या आहेत. इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत या चौकात मुंकाची या हंगेरियन चित्रकाराची ख्रिस्ताच्या जीवनावरची दोन भव्य चित्रं लावत. खाली हॅट विकल्या जात आहेत आणि वर क्रूस आहे, यात वॉनामेकरला काही विसंगत वाटत नव्हतं. त्याच्या मनात दोन्ही एकाच सचोटीची कामं होती.

बायकांसाठी या दुकानाचा अर्थ खरेदीपलीकडचा होता. 1870 च्या दशकात सभ्य घरातली बाई एकटी शहरात फिरली, तर तिला बसायला, खायला, हातपाय धुवायला जागा नसे. पुरुषांच्या खाणावळीत ती जाऊ शकत नव्हती. वॉनामेकरकडे उपाहारगृह होतं, वाचनाची खोली होती, स्वच्छतागृहं होती, आणि काही न घेता दिवसभर फिरलं तरी कुणी हटकत नव्हतं. नवव्या मजल्यावरच्या ‘क्रिस्टल टी रूम’मध्ये मैत्रिणी जेवायला जमत. भेटायची जागा ठरलेली, चौकातला गरुड. फिलाडेल्फियात पिढ्यान्‌पिढ्या लोक एकमेकांना ‘गरुडापाशी भेट’ असं सांगत आले.

वॉनामेकर 1922 च्या डिसेंबरात वारला. घराण्याने 1978 मध्ये दुकान विकलं, 1995 मध्ये नावाची पाटी उतरली, मालक बदलत गेले, आणि शेवटी तिथे असलेलं मेसीज हे दुकान मार्च 2025 मध्ये बंद झालं. इमारत, गरुड आणि ऑर्गन ही राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेली आहेत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे: सिटी हॉलच्या समोरच ही इमारत आहे. चौक खुला असेल आणि ऑर्गन वाजणार असेल, तर वेळ काढून जा.