विहीर खारी का होते?

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला, चोरवाड ते ऊना या भागाच्या आसपास, ‘लीली नाघेर’ म्हणतात. लीली म्हणजे हिरवी. नारळीच्या बागा, ऊस, केळी, सगळे विहिरीच्या पाण्यावर. मोटेच्या जागी आधी तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप, आणि 1970च्या सुमारास किनाऱ्यालगतच्या विहिरी एकामागून एक मचूळ होऊ लागल्या. 1976 साली गुजरात सरकारला त्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी लागली.

समुद्र कुठूनतरी फुटून विहिरीत आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो आधीपासूनच जमिनीखाली असतो. खारे पाणी जड, म्हणून ते पाचरीसारखे किनाऱ्याखाली शिरलेले असते आणि पावसाचे मुरलेले हलके गोडे पाणी त्यावर तरंगते. डच अभियंता बादोन गायबेन याने 1889 साली आणि जर्मनीत हर्झबर्गने 1901 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याची घनता 1 धरली तर समुद्राच्या पाण्याची 1.025. फरक चाळिसाव्या हिश्शाचा. म्हणून गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते.

आता हाच हिशेब उलटा वाचा. उपशाने पातळी एक मीटर उतरली, की खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने चाळीस मीटर वर सरकू पाहते. हे गणित पाणी स्थिर आहे असे धरून केलेले असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतात. दिशा बदलत नाही. त्यात जोराच्या पंपाखाली खारे पाणी शंकूसारखे उंचावते. विहीर आणखी खोल खणणे हा अशा वेळी सर्वांत वाईट उपाय, आणि नेमका तोच आधी केला जातो.

सौराष्ट्राचे दुर्दैव तिथल्या दगडातही आहे. हा मिलिओलाइट चुनखडक. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींत आपण तो पोरबंदरचा दगड म्हणून पाहतो. पाण्याने तो विरघळतो, त्यात पोकळ्या पडतात. गोडे पाणी त्यात भरपूर मावते, आणि खाऱ्यालाही वाट मोकळी मिळते.

बिघाडाला फार मीठ लागत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते. शंभरात दोन भाग मिसळले तरी ते लिटरला 380 मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 250 आहे. शिवाय आत शिरणाऱ्या पाण्यातला सोडियम चिकणमातीला चिकटतो आणि तिथला कॅल्शियम पाण्यात उतरतो. साबणाला फेस येईना, ही तक्रार अशा गावात ऐकू येते ती म्हणून.

मात्र प्रत्येक खारी विहीर उपशाचीच बळी नसते. कोकणात खाडीचा बांध फुटला, की भरतीचे पाणी वरूनच शेतात आणि विहिरीत मुरते. आणि अकोला-अमरावतीकडचा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तिथला खारेपणा जुन्या गाळाबरोबरच आलेला. कारण न ओळखता केलेला खर्च वाया जातो.

सौराष्ट्रात नद्यांच्या मुखाशी भरती अडवणारे दरवाजे बसवले, बंधारे घातले, पाणी मुरवले. काही ठिकाणी पाणी सुधारले. पण पंपाने काही वर्षांत ओढून आणलेले मीठ पावसाने धुऊन निघायला कित्येक दशके लागू शकतात, आणि तेवढ्या काळात शेजारच्या शेतातला पंप थांबलेला असेलच असे नाही.