टिपरीच्या तालावर भूमिती

मुलगी नववीत गेली की अनेक घरांत पहिली कात्री लागते ती तिच्या नृत्याच्या वर्गाला. दहावी जवळ आली, गणित कच्चे आहे, तेव्हा तो वेळ शिकवणीला द्यावा, हा हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो. परंतु ज्या विषयासाठी नृत्य थांबविले जाते, त्याच विषयातील एक भाग नृत्यातून उत्तम शिकविता येतो, ही जमेची बाजू या हिशेबात धरलीच जात नाही. तो भाग म्हणजे भूमितीय रूपांतरणे.

ही रूपांतरणे मुख्यतः तीन. आकृती आहे तशी सरकविणे म्हणजे स्थानांतरण, एका बिंदूभोवती फिरविणे म्हणजे परिवलन आणि एखाद्या रेषेपलीकडे आरशाप्रमाणे उलटविणे म्हणजे परावर्तन. तिन्हींत लांबी व कोन बदलत नाहीत, म्हणून जुनी व नवी आकृती एकरूप असतात. व्याख्या सोप्या आहेत. विद्यार्थी अडतो तो धन-ऋण चिन्हांपाशी. कोणत्या अक्षात परावर्तन केले की कोणता निर्देशक ऋण होतो, हे तो पाठ करतो आणि ऐन वेळी विसरतो. कारण वहीतील बिंदूला उजवा-डावा हात नसतो. नाचणाऱ्याला तो असतो.

नवरात्रातील टिपऱ्या पाहाव्यात. समोरासमोर उभे असलेले दोन गडी एकमेकांचे प्रतिबिंब आहेत, असे चटकन वाटते. प्रत्यक्षात आरशासमोर उजवा हात उचलला तर प्रतिमेचा डावा हात वर गेलेला दिसतो. टिपऱ्यांत मात्र उजवी टिपरी समोरच्याच्या उजव्याच टिपरीवर पडते. म्हणजे येथे परावर्तन नाही. दोघांच्या मध्यबिंदूभोवती १८० अंशांचे परिवलन आहे. हस्तांदोलनाचेही तसेच. समोरच्याने डाव्या हाताने उत्तर द्यावयाचे ठरविले, की तीच जोडी परावर्तनाची होते. हा भेद एकदा हातांनी अनुभवला की सहसा विसरत नाही. भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीला तर परावर्तनाचा रोजचाच सराव असतो. प्रत्येक अडवू आधी उजव्या आणि मग डाव्या अंगाने करावयाचा, हा तिथला नेम आहे.

पावलांतही हेच गणित आहे. लंगडी घालीत गेल्यास उमटणारे ठसे हे निव्वळ स्थानांतरण होय. साध्या चालीत प्रत्येक ठसा पुढे सरकतो आणि मधल्या रेषेपलीकडे उलटतोही. जोडपायांनी उड्या मारल्यास डावा-उजवा ठसा शेजारी उमटून परावर्तन स्पष्ट दिसते. साडीच्या काठासारख्या, एकाच पट्टीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने केवळ ७ प्रकार संभवतात. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी या सातही प्रकारांना पावलांच्या हालचालींवरूनच नावे दिली. कापडाच्या व्यापारात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हाताखालून हे प्रकार नकळत गेलेले असतात.

खरी कसोटी लागते ती दोन रूपांतरणे एकापाठोपाठ करताना. वर्गाच्या फरशीवर खडूने दोन अक्ष आखावेत आणि एका विद्यार्थ्याला (३, २) या बिंदूवर उभे करावे. उभ्या अक्षात त्याचे परावर्तन केले की दुसरा विद्यार्थी (−३, २) येथे उभा राहतो. आता आरंभबिंदूभोवती, घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरविले की तिसऱ्याची जागा येते (−२, −३). पुन्हा मूळ जागेपासून आरंभ करून आधी फिरविले आणि मग परावर्तन केले, तर शेवटचा विद्यार्थी (२, ३) येथे पोहोचतो. कृती त्याच, क्रम निराळा, आणि दोघे आरंभबिंदूच्या दोन विरुद्ध बाजूंना उभे! क्रमाचे हे महत्त्व वर्गातील प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील कार्ल शॅफर हे गणिताचे प्राध्यापक आणि नर्तकही. त्यांनी एरिक स्टर्न या नर्तकासमवेत १९८७ मध्ये नृत्यसंस्था स्थापन केली आणि पुढे दोघांनी गणित व नृत्य यांची सांगड घालणारे प्रयोग रंगमंचावर आणि शाळांतून केले. आपल्याकडे त्यासाठी वेगळ्या सामग्रीची गरज नाही. लेझीम अनेक शाळांत आहे, टिपऱ्या घरात आहेत.

अर्थात नाचल्याने सिद्धता लिहिता येत नाही. फरशीवरून उठून वहीपाशी यावेच लागते. नियम अक्षरांत मांडावा लागतो, उदाहरणे सोडवावी लागतात. नृत्य एवढेच करते, की वहीतील चिन्हाला अर्थ प्राप्त होतो आणि ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीला आपण ते पायांनी केव्हाच केले आहे, हे उमगते. तेव्हा नृत्याचा वर्ग बंद करण्यापूर्वी पालकांनी एका संध्याकाळी मुलीला एखादा अडवू दोन्ही अंगांनी करावयास सांगावा आणि त्यातील परावर्तनाची रेषा कोठे आहे, हे विचारावे.