कॉकपिटात मावणारं शरीर

भिंतीला पाठ आणि नितंब घट्ट टेकवून उमेदवार खाली बसतो. गुडघे न वाकवता पाय सरळ समोर ताणतो आणि नितंबापासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं जातं. भारतीय हवाई दलात वैमानिक व्हायचं तर ते किमान ९९ आणि कमाल १२० सेंटिमीटर असावं लागतं. मग मांडीची लांबी मोजतात, ती ६४ सेंटिमीटरच्या वर गेलेली चालत नाही. बसलेल्या स्थितीतली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटरच्या दरम्यान हवी. उभ्याची उंची किमान १६२.५.

या खोलीपर्यंत आलेला मुलगा किंवा मुलगी बरंच काही पार करून आलेली असते. एनडीएची किंवा एएफकॅटची लेखी परीक्षा झालेली असते, एसएसबीची मुलाखत झालेली असते. वैमानिक कलचाचणी झालेली असते, आणि ती तर आयुष्यात एकदाच देता येते. एसएसबीच्या शेवटच्या कॉन्फरन्सनंतर छातीवरचा नंबर पुकारला गेलेला असतो आणि घरी फोन गेलेला असतो, ‘रेकमेंड झालो’. त्यानंतर बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये किंवा दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या हवाई दल वैद्यकीय केंद्रात मेडिकल लागतं. बंगळुरूची संस्था १९५७ची. राकेश शर्मांना अवकाशात पाठवण्याआधी तपासलं ते तिथेच, आणि गगनयानच्या उमेदवारांची पहिली चाळणीही २०१९ मध्ये तिथेच लागली.

तिथे पायाच्या लांबीवरून नाव कापलं गेलं की आईवडिलांना वाटतं, हा अन्याय आहे. धडधाकट पोरगं, पाच किलोमीटर धावतं, मग दोन सेंटिमीटरनं काय बिघडतं? म्हणून या आकड्यांमागचं कारण नीट सांगायला हवं.

पाय आखूड असेल तर रडरचं पेडल शेवटपर्यंत दाबता येत नाही. मांडी लांब असेल तर आसनासकट बाहेर फेकलं जाताना, म्हणजे इजेक्शनच्या वेळी, गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतात. बसलेली उंची जास्त असेल तर हेल्मेट काचेच्या छताला टेकतं आणि वैमानिक मान वाकवून बसतो. इजेक्शनच्या क्षणी वाकलेली मान म्हणजे मोडलेली मान. खुर्ची वरखाली आणि पेडल मागेपुढे सरकवता येतात, हे खरं. ते का हवं, हेही मापांनीच दाखवलं. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानं ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. छाती, हात, उंची अशा १० मापांमध्ये सरासरीच्या आसपास बसणारे किती, हे त्यानं शोधलं. उत्तर आलं शून्य. ‘सरासरी वैमानिका’साठी बांधलेलं कॉकपिट प्रत्यक्षात कोणासाठीच बांधलेलं नव्हतं. तिथून सरकत्या आसनांचा आग्रह वाढला. पण सरकण्यालाही हद्द असते, आणि नियमातले आकडे ती हद्द सांगतात.

मणक्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. फ्लाइंगच्या उमेदवाराच्या मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याचे एक्स-रे काढले जातात. रोजच्या जगण्यात ज्याचा पत्ताही लागत नाही असा कण्याचा बाक १५ अंशांच्या वर निघाला, किंवा एखादा मणका खालच्या मणक्यावरून किंचित सरकलेला दिसला, तर फ्लाइंग बंद. सुखोई-३० सारखं विमान ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट जोरापर्यंतचं वळण घेऊ शकतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरलं, तर त्या वळणात मानेला ५४ किलो पेलावे लागतात, आणि तेही मान मागे वळवून शत्रूचं विमान शोधताना. इजेक्शन सीट वैमानिकाला गुरुत्वाकर्षणाच्या १२ ते २० पट जोरानं वर फेकते. निरोगी कण्यालाही त्यात फ्रॅक्चर होतं, बहुधा पाठ आणि कंबर जुळते तिथल्या मणक्यांना. जन्मजात कमकुवत कणा घेऊन त्या खुर्चीवर बसवणं म्हणजे त्या मुलाला अपंगत्वाकडे ढकलणं आहे. या नियमात सूट मागणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

डोळ्यांवर सर्वाधिक स्वप्नं अडतात. एका डोळ्यानं ६/६, दुसऱ्यानं ६/९, आणि लांबचा चष्मा मुळीच नाही. बारा ते अठरा या वयात, नेमका अभ्यासाचा भर असताना, हाच चष्मा लागतो. रंगांची परीक्षा वेगळी. अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवर मार्टिन लँटर्नचे टाचणीएवढे दिवे लागतात आणि उमेदवारानं लाल, हिरवा की पांढरा ते लगेच सांगायचं असतं. ठिपक्यांतले आकडे वाचायची पुस्तकी चाचणी पाठ करून येणारे असतात, पण या दिव्यांपुढे पाठांतर चालत नाही. रंगांधळेपणा बहुधा आईकडून मुलाकडे येतो, कोणत्याही व्यायामानं किंवा औषधानं जात नाही, आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत घरात कोणाला माहीतही नसतो.

कान, नाक, सायनस, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी हे सगळं होतंच. कानातला मळ, हायड्रोसील, वाढलेलं वजन यांवर सहसा ‘टीआर’, म्हणजे तात्पुरतं अपात्र, असा शेरा बसतो आणि उपचारानंतर फेरतपासणी होते. ‘पीआर’, म्हणजे कायमचं अपात्र, असा शेरा बसला तरी साधारण ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. त्यापुढचं रिव्ह्यू बोर्ड मात्र हक्कानं मिळत नाही, कागद पाहून मंजूर होतं. फ्लाइंगला अपात्र ठरलेल्याला जमिनीवरच्या शाखांचं दार पुष्कळदा उघडं असतं.

एका आकड्याबद्दल मात्र फेरविचार व्हावा असं मला ठाम वाटतं. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह लढाऊ वैमानिक झाल्या, २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुली आल्या, पण १६२.५ची अट बहुसंख्य मुलींना अर्ज भरण्याआधीच बाहेर ठेवते. अमेरिकी हवाई दलाची किमान उंचीही ५ फूट ४ इंच, म्हणजे जवळजवळ हीच होती. मे २०२० मध्ये त्यांनी ती सरसकट अट काढली आणि बसलेली उंची, हातापायांची पोच अशी मापं विमानागणिक ताडून पाहायला सुरुवात केली. लढाऊ विमान, मालवाहू विमान आणि हेलिकॉप्टर यांची कॉकपिटं सारखी नसतात. आपल्याकडेही हा हिशेब मांडला जावा.

महाराष्ट्राला सैनिकी शिक्षणाची मोठी परंपरा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, छत्रपती संभाजीनगरला सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला झाली. खासगी अकादम्या तर तालुक्या-तालुक्यांत आहेत. फी घेण्याआधी प्रत्येक अकादमीनं उंची, पायाची लांबी, दृष्टी आणि रंगतपासणी करून लेखी द्यावी, अशी अट सरकारनं घालायला हवी. टेप आणि साध्या नेत्रतपासणीचा खर्च वर्षभराच्या शिकवणीपुढे काहीच नाही.

पालकांना एक विनंती. चष्मा घालवायला घाईनं लेसर करून घेऊ नका. वीस वर्षं पूर्ण होण्याआधी केलेली लेसिक हवाई दल ग्राह्य धरत नाही, बुबुळावर चिरा देणारी जुनी रेडियल केराटोटोमी असेल तर उमेदवार कायमचाच बाद होतो, आणि बाकीचे नियम प्रवेशाच्या मार्गानुसार बदलतात. त्या-त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचा. मूल दहावीत असतानाच त्याला एकदा नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि रंगतपासणी आवर्जून मागून घ्या.