स्टॉपर ओढला की

नालासोपारा-विरारकडे तळकोकणातली माणसं राहायला आली, तशी त्यांच्यामागोमाग डबलबारीही आली. दोन भजनी बुवा समोरासमोर, आणि पेटी बुवाच्याच पुढ्यात. गाणारा तोच, पेटीवाला तोच. पखवाज-झांजांचा गजर फोडून सूर मागच्या रांगेपर्यंत जायला हवा, म्हणून दर्शनी फळीवरचे मुख्य स्टॉपर सगळे बाहेर ओढलेले असतात. एक-दोन स्टेशनं अलीकडे वसईत चित्र वेगळं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमधली मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली आणि मराठी गीतांना पेटीची साथ मिळाली. तिथे गायनवृंदाचे शब्द ऐकू यायचे असतात, त्यामुळे एखाद-दुसरा स्टॉपर उघडा पुरतो. वाद्य एकच, पण स्टॉपर कुठे ओढले आहेत त्यावरून पेटी कोणाच्या साथीला बसली आहे ते कळतं.

स्टॉपर म्हणजे नुसती शोभेची बोंडं, असा समज पुष्कळांचा असतो. काही स्वस्त पेट्यांत एखादं बोंड खरोखरच शोभेपुरतं असतं, आणि ते मला खपत नाही. खऱ्या स्टॉपरच्या मागे एक दांडी आत जाते. दांडीच्या टोकाशी चामडं लावलेली लाकडी झडप असते. ओढलं की झडप उचलली जाते आणि पोटभात्यातली हवा त्या रांगेच्या सुरांकडे वळते. खर्ज, नर, मादी अशा पितळी सुरांच्या रांगा असतात. ज्या रांगेची झडप बंद, ती रांग पट्टी दाबली तरी गप्प. झडप अर्धीच उघडली तर सूर बारीक होतो, फारच कमी उघडली तर उतरल्यासारखा लागतो. जाणता वादक म्हणून स्टॉपर पूर्ण ओढतो किंवा पूर्ण ढकलतो. आवाज कमी-जास्त करायचं काम भात्यावरच्या डाव्या हाताचं.

उरलेल्या छोट्या स्टॉपरांवर बरेचदा नुसता आधारसूर असतो, बहुतेक पेट्यांत काळी एक ते काळी पाच. पांढरी चारमध्ये गाणाऱ्याला त्यांतला एकही षड्ज म्हणून उपयोगी नाही, तरी ते फळीवर दिमाखात असतात.

वसईपट्टा खाडी आणि समुद्राच्या मध्ये. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दांडी भोकात घट्ट बसते आणि स्टॉपर हलेनासा होतो. घाईने ओढला की बोंड हातात येतं आणि दांडी आतच राहते. हलक्या हाताने पुढेमागे करत काढावा, दांडीवर मेण घासावं. तेल घालू नये, ते लाकडात शिरतं.

पेटीवरचा जुना आक्षेप असा की तिचे सूर ठरलेले, श्रुती, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म भेद, निघत नाहीत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दारच बंद केलं होतं. त्याआधीच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींचा हिशेब मांडून १९१० मध्ये पुस्तक काढलं होतं, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमही घडवून घेतली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी त्याच प्रश्नाला बोंडांनीच उत्तर दिलं. षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या १० स्वरांच्या दोन-दोन श्रुती. पट्टीखालचं बोंड ओढून किंवा ढकलून रागाला हवी ती श्रुती आधी लावून घ्यायची आणि मग वाजवायचं. दहा दुणे वीस आणि दोन अचल, असा बाविसांचा मेळ बसतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, यातूनही निघत नाही, हे खरं. पण पेटीची उणीव पेटीच्याच रीतीने, हाताला लागणाऱ्या लाकडाने भरून काढावी, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

आता भजनी मंडळं की-बोर्डही घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण भजनासाठी जुनी पेटी घ्यायची असेल, तर वाजवायच्या आधी सगळे स्टॉपर आत ढकला आणि भाता भरा. पोटभाता फुगून तसाच राहिला तर झडपा धड आहेत. हवा लगेच उतरली किंवा पट्टी न दाबता सूर लागला, तर एकेक स्टॉपर हलवून दोष कुठे आहे ते शोधा. पॉलिशकडे पाहून भाव ठरवू नका.