बुद्धीची प्रत कशी ठरवावी?

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाची गर्दी आटोपून मी कॉलेजातून घरी आलो, तो ओट्यावर एक ओळखीचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन बसलेले. ते आमच्या हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये रुईची प्रत पाहण्याचे काम करतात. त्यांनी खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला. सुटीतल्या कुठल्याशा शिबिरात मुलाची बुद्धिमापन चाचणी झाली होती. कागदावर ठळक आकड्यांत लिहिले होते : बुद्ध्यंक ९२.

हा आकडा पाहून घरी आधी पेढे आले होते. शंभरापैकी ब्याण्णव म्हणजे केवढे गुण! मग कोणीतरी सांगितले, की येथे १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, १०० म्हणजे सरासरी. तुमचा मुलगा सरासरीच्या खाली आहे.

"सर, याले सायन्सले टाकू का नको?" त्यांनी विचारले. मुलगा आपल्या चपलांकडे पाहत उभा होता.

विद्यार्थिमित्रांनो, मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण मोजमाप हा माझाच विषय आहे. कोणी एखादा आकडा पुढे ठेवला, की आम्ही लोक लगेच विचारतो : काय मोजले? कशाने मोजले? आणि चूक किती? त्या ९२ ला हेच प्रश्न विचारून पाहू.

आधी हा आकडा आला कोठून ते पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झालेली होती आणि काही मुले वर्गात फार मागे पडत होती. अशी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस छोट्या कसोट्यांची एक मालिका तयार केली. ऐकलेले आकडे परत म्हणणे, दोन वजनांतले जड कोणते ते सांगणे, शब्दांचा अर्थ सांगणे, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९०८ मध्ये त्यांनी कसोट्यांची वयाप्रमाणे वाटणी केली. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलांइतक्याच कसोट्या जमल्या तर त्याचे मानसिक वय आठ. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना काढली. त्या भागाकाराला शंभराने गुणण्याची रीतही पुढे पडली. आठ भागिले दहा, गुणिले शंभर, म्हणजे बुद्ध्यंक ८०. बिने स्वतः मात्र बुद्धी ही जन्मभर न बदलणारी वस्तू मानत नव्हता. सरावाने आणि योग्य शिकवणीने ती वाढते असे त्याचे मत होते, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने तसे व्यायामही सुचवले होते.

आज हा भागाकार सहसा कोणी करीत नाही. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांना चाचणी देतात, त्यांच्या सरासरीला १०० म्हणतात, आणि गुणांचा पसारा असा बसवतात की शंभरातली सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान यावीत. या हिशेबाने ९२ म्हणजे काय? आपल्या वयाची शंभर मुले ओळीने उभी केली, तर सुमारे तीस या मुलाच्या मागे आणि सत्तर पुढे. म्हणजे ९२ हा रांगेतला क्रमांक आहे. पायलीने मोजलेले धान्य नव्हे. म्हणूनच १४० बुद्ध्यंकाच्या मुलाला ७० वाल्याच्या दुप्पट बुद्धी आहे असे म्हणणे चूक. ४० अंश सेल्सिअसचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा दुप्पट गरम नसते, कारण त्या मापाचा शून्य आपण सोयीने ठेवलेला आहे. बुद्ध्यंकाला तर खरा शून्य नाहीच.

आता चूक किती ते पाहू. मुलाला एकट्याला समोर बसवून, नीट शिकलेल्या माणसाने घेतलेल्या चांगल्या चाचणीतही पाच-सहा अंकांचा फरक इकडे-तिकडे पडतो. तेव्हा ९२ ऐवजी '८६ ते ९८ यांच्या दरम्यान कोठेतरी' असे लिहायला हवे होते. शिबिरात पन्नास मुलांना एकदम बसवून, मे महिन्याच्या दुपारी घेतलेल्या चाचणीत तर हे अंतर आणखी वाढणार. प्रयोगशाळेत तुम्ही चुकीची मर्यादा न लिहिता नुसते वाचन लिहिले तर मी तुमचे गुण कापतो. त्या कागदावर मर्यादा कोठेच लिहिलेली नव्हती.

'कशाने मोजले' हा प्रश्न याहून अवघड आहे. आमच्या गावात विल्यम लॅम्टनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय पाहणी सुरू करणारा हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे जात असता येथे वारला. जमिनीवरची आधाररेषा तो पोलादी साखळीने मोजी. पण उन्हाने साखळीच लांबते! म्हणून प्रत्येक मापाबरोबर तो तापमानही नोंदवी व उत्तरात तेवढी दुरुस्ती करी. बुद्धिमापनाची साखळी म्हणजे प्रश्न, आणि ही साखळी भाषेने व राहणीने लांब-आखूड होते. पॅरिसच्या मुलाला विचारलेली नाणी आपल्या मुलाने पाहिलेली नसतात. महिन्यांची नावे विचारली, तर कोणी जानेवारीपासून सांगेल, एखादी आजीजवळ वाढलेली मुलगी चैत्रापासून सांगेल. दोघांना सारखेच गुण द्यायचे ना?

महाराष्ट्राला जवळचे असे या कामातले नाव म्हणजे डॉ. व्ही. व्ही. कामत. धारवाडकडच्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिनेच्या कसोट्यांची नवी रचना केली आणि १९३४ मध्ये ती प्रसिद्ध केली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये निघाला. हे नुसते भाषांतराचे काम नव्हते. पॅरिसला सात वर्षांच्या मुलाला जमणारी कसोटी इथल्या मुलाला कोणत्या वयात जमते, हे मुलांना प्रत्यक्ष विचारूनच ठरवावे लागते. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडे वापरली गेली.

एवढे करूनही एक अडचण उरतेच. हे कोडे पाहा : वखर, डवरा, तिफण, बैल. यांत वेगळे कोणते? चाचणी तयार करणाऱ्याला 'बैल' हे उत्तर हवे असते; तो सजीव, बाकीची अवजारे. पण आमच्या भागातला शेतकऱ्याचा मुलगा म्हणेल, 'तिफण'. का? बाकीची कामे हंगामात पुन्हा पुन्हा होतात, तिफण पेरणीच्या चार दिवसांपुरती बाहेर निघते. उत्तर चूक का? अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रे दाखवून असेच विचारले. शाळेत न गेलेले शेतकरी म्हणाले, यांतले काहीच वेगळे काढता येत नाही; ओंडकाच नसेल तर करवत काय कामाची? थोडी शाळा शिकलेल्यांनी मात्र अवजारांचा गट सहज वेगळा केला. वस्तूंचे असे कप्पे पाडणे ही शाळेने लावलेली सवय आहे. चाचणीत बुद्धीबरोबर ही सवयही मोजली जाते.

साखळी काळानेही बदलते. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० नंतर दाखवून दिले, की अनेक देशांत विसाव्या शतकात चाचण्यांचे गुण दर दहा वर्षांना सुमारे तीन अंकांनी चढत गेले. एवढ्या थोड्या पिढ्यांत मेंदू बदलत नाही. शाळा, आहार आणि राहणी बदलते. म्हणून सरासरी पुन्हा पुन्हा नव्याने काढावी लागते. त्या शिबिरातल्या चाचणीची सरासरी कोणत्या साली आणि कोणत्या मुलांवरून काढली होती, ते कागदावर नव्हते.

आता राहिला पहिला प्रश्न, आणि तोच सर्वांत रंजक आहे. मोजले ते काय? बुद्धी ही एक वस्तू आहे, की अनेक?

याचे उत्तर मी त्या गृहस्थांकडूनच काढले. मी विचारले, "रुईची प्रत तुम्ही एका आकड्यात सांगता का?"

ते हसले. "एका आकड्यात कशी सांगू, सर? लांबी अलग, बारीकपणा अलग, ताकद अलग, कचरा अलग."

'हिंगणघाट' हे नाव एकेकाळी कापसाची एक जात म्हणून थेट विलायतेच्या बाजारात ओळखले जाई. तेव्हापासून इथे रुई पाहणारी माणसे आहेत. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरायची, ओढायची, तंतू एकमेकांवर ठेवायचे, पुन्हा ओढायचे. चार-सहा वेळा असे केले की सरळ तंतूंची एक पट्टी हातात उरते, आणि माणूस सांगतो : अठ्ठावीस मिलिमीटर. आता यंत्रेही आली आहेत. तंतूंचा बारीकपणा यंत्र कसा मोजते ते मौजेचे आहे. ठराविक वजनाची रुई एका डबीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. तंतू जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून हवेला अडथळा जास्त.

आता लक्ष द्या. हे गुण वेगवेगळे असले तरी एकमेकांपासून अगदी तुटलेले नाहीत. लांब धाग्याचा कापूस बहुधा बारीकही असतो. नेहमी नव्हे, बहुधा. याला सहसंबंध म्हणतात.

इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमनला १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या गुणांत हेच दिसले. भाषेत पुढे असलेली मुले बहुधा गणितातही पुढे होती. सर्व कौशल्यांच्या मागे एक समान शक्ती आहे असा तर्क त्याने केला आणि तिला 'सामान्य बुद्धी' म्हटले. हा सहसंबंध त्यानंतर जगभर, शेकडो चाचण्यांत आढळला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण १९३८ मध्ये अमेरिकेत थर्स्टनने तोच मालमसाला वेगळ्या रीतीने मांडून सात मूलभूत क्षमता सांगितल्या : शब्दार्थ, शब्दांचा ओघ, संख्या, आकृती मनात फिरवणे, स्मरण, चटकन नजरेत येणे आणि तर्क. पुढे गिलफर्डने तर पेटीत कप्पे पाडावेत तसे १२० कप्पे पाडले. एका प्रश्नाला अनेक उत्तरे शोधण्याची शक्ती वेगळी मोजावी, हा त्याचा आग्रह मला मोलाचा वाटतो. (पऱ्हाटीचे उपयोग पाच मिनिटांत लिहून काढा. जळण आणि कुंपण सर्वांनाच सुचेल. त्यापुढे काय?) पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची स्थापना आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये केली. तेथील मानसशास्त्रज्ञांनी गिलफर्डच्याच आराखड्यावर मराठी मुलांसाठी चाचण्या रचल्या.

हॉवर्ड गार्डनरचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९८३ मध्ये त्याने संगीताची, शरीराच्या हालचालींची, दुसऱ्याला समजून घेण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा वेगळ्या बुद्धी मानल्या. भाषा, तर्क-गणित आणि अवकाश धरून त्या सात झाल्या. निसर्ग ओळखण्याची आठवी त्याने नंतर जोडली. मेंदूच्या एका भागाला इजा झालेल्या माणसाचे बोलणे जाते, पण गाणे किंवा चित्र काढणे टिकते, हा त्याचा एक आधार होता. शिक्षकांना ही कल्पना फार आवडली. मलाही आवडते. पण आवडणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. या बुद्धी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे मोजमापाने दाखवता आलेले नाही, असा मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. कापसासारखेच इथे आहे. गुण अनेक, काहीसे जुळलेले, पण एक पाहून दुसरा नक्की सांगता येईल इतके जुळलेले नाहीत.

एका आकड्यावर भिस्त ठेवली की काय होते, त्याचे आमच्या विषयातले उदाहरण देतो. अमेरिकेत लुइस टर्मन याने १९२१ पासून उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास करण्याचे काम हाती घेतले. विल्यम शॉक्ले आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांचीही तेव्हा चाचणी झाली होती. गुण कमी पडले म्हणून दोघांना घेतले नाही. पुढे ट्रान्झिस्टरच्या कामासाठी शॉक्लेला १९५६ मध्ये आणि मूलकणांवरील कामासाठी अल्वारेझला १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी अनेकजण मोठे झाले, पण नोबेल त्यांतल्या एकालाही मिळाले नाही. गंमत अशी, की म्हातारपणी हाच शॉक्ले बुद्ध्यंकाचे आकडे दाखवून काही वंशांना कमी लेखत फिरला.

मी मुलाची गुणपत्रिका पाहिली. विज्ञान बरे, गणित ठीक, इंग्रजी कच्चे. चाचणीची भाषा कोणती होती असे विचारले, तर म्हणाला, इंग्रजी. मग वडील जरा संकोचाने म्हणाले, "गल्लीतले समदे कूलर हाच दुरुस्त करते."

"कूलरचा कपॅसिटर गेला तर काय होते?" मी त्याला विचारले.

त्याने प्रथमच मान वर केली. "मोटार गुणगुणते सर, पण फिरत नाही. पात्याला काडीनं ढकलून द्यावं लागते. मंग फिरते." (हा उद्योग तुम्ही करू नये. बोटे जातात.)

"कोणत्या बाजूने फिरते?"

"ज्या बाजूनं ढकललं त्या बाजूनं. उलटं ढकललं तर उलटी." तो क्षणभर थांबला. "पण असं कामून होते, सर? मोटारीले कसं समजते, म्या कोणीकडून ढकललं ते?"

हा प्रश्न बारावीच्या पुस्तकातही सरळ सोडवलेला नाही. मी आत जाऊन पाटी आणि खडू घेऊन आलो. वडील कागदाची घडी करून खिशात ठेवीत म्हणाले, "मंग प्रवेशाचा फारम उद्याच भरू ना, सर?"